मतदाराने बातमी कुठून घ्यावी: पेपर, चॅनेल, आकाशवाणी की व्हॉट्सअ‍ॅप?

घरी पेपर चालू ठेवायचा की बंद करून टीव्ही आणि मोबाइलवर भागवायचं, हा प्रश्न सध्या बऱ्याच घरांत आहे. मी त्याला एकच कसोटी लावतो. मत देताना, पालिकेत हरकत नोंदवताना किंवा आमदाराला जाब विचारताना यातलं काय कामी येतं?

या कसोटीवर पेपर सगळ्यांच्या पुढे आहे, आणि तो पहिल्या पानामुळे नव्हे. आतली पानं उघडा. निविदा सूचना, जाहीर नोटिसा, विकास आराखड्यातल्या फेरबदलावर हरकती मागवणारी बारीक टाइपातली सूचना. शाळेसाठी राखीव असलेल्या भूखंडाचं आरक्षण बदलायचं असेल तर ते तिथे कळतं, आणि हरकतीची मुदत जेमतेम महिनाभराची असते. निवडणुकीच्या काळात आणखी एक गोष्ट शोधा. गुन्हे दाखल असलेल्या उमेदवाराने ती माहिती पेपरात आणि टीव्हीवर प्रसिद्ध केली पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2018 चा निकाल आहे. त्यानुसार उमेदवाराला तीन वेळा जाहिरात द्यावी लागते. टीव्हीवर ती क्षणात निघून जाते. पेपरातली कापून ठेवता येते, शेजाऱ्याला दाखवता येते.

2022 च्या मार्चमध्ये मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं तिथे प्रशासकच कारभार पाहत होते. नगरसेवक नाहीत, सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारणारं कोणी नाही. त्या काळात पाणी, कचरा, रस्त्यांची टेंडरं यांवर लिहिणारा पालिकेच्या बातम्या सांभाळणारा बातमीदार हाच नागरिकांचा मोठा आधार होता. ते काम चर्चेच्या कार्यक्रमांनी केलं नाही.

पेपरचा डागही लहान नाही. 2009 च्या विधानसभा निवडणुकीत प्रतिस्पर्धी मराठी पेपरांत एकाच नेत्याचं गुणगान करणारा मजकूर जवळपास शब्दशः सारखा छापून आला होता. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते उघड केलं. पेपरांवर देखरेख ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर, पेपरांच्या नावानिशी अहवाल लिहिला, पण कौन्सिलने 2010 मध्ये त्याची काटछाट केलेली आवृत्तीच स्वीकारली. पूर्ण अहवाल लोकांसमोर यायला केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला. याचा मला आजही संताप येतो, कारण वाचक पैसे मोजून जाहिरात बातमी म्हणून वाचत होता. म्हणून निवडणुकीच्या दिवसांत बातमीदाराचं नाव नसलेला, फक्त कौतुकाने भरलेला मजकूर दिसला की तो जाहिरातच समजा. तरीही पेपरवर संपादक, मुद्रक, प्रकाशकाची नावं छापणं कायद्याने बंधनकारक आहे. दाद मागायला माणूस सापडतो.

चॅनेल तीन वेळा लावावं: निकालाच्या दिवशी, पूर-अतिवृष्टीत आणि अधिवेशनात. एरवी रोजच्या चर्चेतून मतदाराला नवं फार काही मिळत नाही. सुशांतसिंह राजपूत प्रकरणात चॅनेलांनी जे केलं त्यावर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2021 मध्ये स्पष्ट ताशेरे ओढले. तपास सुरू असताना स्टुडिओत खटला चालवणं हा न्यायदानातला अडथळा आहे, असं बजावलं. वाहिन्यांच्या स्वनियमन यंत्रणेचा कमाल दंड एक लाख रुपये असल्याचं पाहून 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्याच्या परिणामकारकतेवर प्रश्न केला. चर्चेपेक्षा मूळ गोष्ट पाहणं बरं. 27 सप्टेंबर 2022 ला सर्वोच्च न्यायालयातल्या घटनापीठाच्या सुनावणीचं थेट प्रक्षेपण सुरू झालं, त्या पहिल्याच दिवशी महाराष्ट्राचा सत्तासंघर्षही होता. वकिलांचा युक्तिवाद थेट ऐकणं आणि त्यावरचा आरडाओरडा ऐकणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आकाशवाणीचं सकाळचं प्रादेशिक बातमीपत्र नेटकं, शांत आणि फुकट. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नसल्याने रेडिओवर दुसरा पर्याय नाही. पण आकाशवाणी चालवणारी प्रसारभारती कागदावर स्वायत्त असली तरी पैशासाठी सरकारवर अवलंबून आहे. सरकारने काय जाहीर केलं ते तिथे ऐका. सरकारचं काय चुकलं, हे दुसरीकडे शोधावं लागेल.

व्हॉट्सअ‍ॅपवर पाणी कधी येणार, एसटी का बंद आहे, हे सगळ्यात आधी कळतं. तेवढ्यापुरतंच ते ठेवा. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते भिक्षा मागून पोट भरणारे, मंगळवेढ्याकडचे लोक होते. अफवा मोबाइलवरून फिरत होती, आणि ती पहिल्यांदा कोणी पाठवली हे विचारायला कोणतंही संपादकीय कार्यालय नव्हतं.

एकाच गोष्टीवर पैसे खर्च करायचे असतील तर स्थानिक पान असलेला पेपर घ्या आणि सकाळी रेडिओ लावा. राहणं पुण्या-मुंबईत आणि मतदान गावाकडे असेल, तर शहर आवृत्ती घेऊन उपयोग नाही. आपल्या जिल्ह्याच्या आवृत्तीचा ई-पेपर लावा, आणि त्यातलं तालुक्याचं पान आधी वाचा.