८० ग्रॅम प्रोटीन मागितलं, अ‍ॅप म्हणतं ६८ घ्या नाहीतर ९०

काल रात्री जेवण नोंदवायला अ‍ॅप उघडलं तर प्रीमियमची जाहिरात पूर्ण स्क्रीनभर. ती बंद करायची फुली शोधण्यात आमटी गार झाली. म्हणून हे लिहितोय. रंगीत वर्तुळं, पाण्याचे ग्लास वगैरे सगळ्यांना माहीत आहे, ते सोडून देतो. आठ महिने वापरलंय, फुकटातलं.

तक्रार एकच आहे. मॅक्रोचं, म्हणजे प्रोटीन, कार्ब, फॅटचं, रोजचं टार्गेट ग्रॅममध्ये टाकायचं तर पैसे भरा. फुकट पाहिजे तर एकूण कॅलरीचे टक्के, आणि तेही पाच-पाचच्या पायरीनं. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशोब लिहितो. शेतकऱ्याला सांगून बघा, काट्यावर १५ क्विंटल दिसेल नाहीतर २०, मधलं दिसत नाही म्हणून!

माझं वजन तेव्हा ८२ किलो, एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची टेस्ट, ६.२. आहारतज्ज्ञ बाईंनी १८०० कॅलरी दिल्या आणि प्रोटीन ८० ग्रॅम. आयसीएमआरचा, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेचा, वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅमचा आकडा लावला तर ६८ होतात. पण वजन उतरवताना स्नायू झिजू नयेत म्हणून बाईंनी थोडं वर धरलं. आता अ‍ॅपमध्ये १५ टक्के टाकले की २७० कॅलरी, भागिले ४ (एक ग्रॅम प्रोटीनच्या ४ कॅलरी), म्हणजे साडेसदुसष्ट ग्रॅम. २० टक्के टाकले की थेट ९०. मला हवेत १८ टक्के, म्हणजे ८१. ते देत नाही. सपोर्टला तीन मेल केले. तिन्ही वेळा उत्तर तेच, ‘प्रीमियममध्ये ही सोय उपलब्ध आहे’. वर्षाला दोन हजार, एक आकडा टाईप करायचे!

वर आणखी गंमत. आमराईत फेऱ्या मारून आलो की अ‍ॅप खूश होऊन २०० कॅलरी वाढवून देतं. टार्गेट टक्क्यात, त्यामुळं प्रोटीनही वाढतं. २० टक्क्यांवर असेन तर ९० चे १०० होतात. सकाळी चाललो म्हणून संध्याकाळी दीड अंडं जास्त खा. पोरगा म्हणाला, ‘पप्पा, स्टेप्सचं कनेक्शनच काढून टाका.’ काढलं.

पहिल्या दोन महिन्यांत हा रिव्ह्यू लिहिला असता तर एक स्टार देऊन मोकळा झालो असतो. पण खरं सांगायचं तर मला पकडलं ते प्रोटीननं नाही, फॅटनं. ३० टक्के म्हणजे ५४० कॅलरी, भागिले ९ (फॅटच्या ग्रॅमला ९ कॅलरी), साठ ग्रॅम. मी रोज हिरव्यात. वजन मात्र जागचं हलेना. मग एका रविवारी एकेक नोंद उघडून बघितली. ‘दूध’ म्हणून मी जे निवडत होतो ते गाईचं. आमच्याकडं म्हशीचं येतं, सहाच्या फॅटचं. पाव लिटरचे दोन ग्लास म्हणजे तीस ग्रॅम फॅट तिथंच गेलं, अर्धा कोटा. त्यावर शेंगदाण्याचा कूट. तो मी प्रोटीन म्हणून भाजीत सढळ हातानं घालायचो. ३० ग्रॅम कुटात प्रोटीन जेमतेम आठ आणि फॅट चौदा-पंधरा. भडंगाची नोंद तर ‘पफ्ड राइस’ होती, म्हणजे तेल, शेंगदाणे, लसूण सगळं हवेत.

भाकरीचाही घोळ होता. अ‍ॅपमधली एक भाकरी नव्वद कॅलरीची. अडतीवरून छोटा काटा आणला आणि हिला म्हटलं, थापायच्या आधी पीठ मोजूया. ‘अहो, इतकी वर्षं हातानं थापते, आता काट्यानं थापू का?’ तरी मोजलं. ८५ ग्रॅम पीठ! म्हणजे एकीच्या तीनशेच्या आसपास कॅलरी, आणि मी दोन खायचो. तेव्हापासून स्वतःची ‘घरची भाकरी’ नोंद करून ठेवलीय. ही सोय फुकट आहे आणि झकास आहे, एवढं कबूल.

प्रोटीनचा जुगाड पाचव्या महिन्यात सुचला. कॅलरीच १६०० टाकल्या. त्याचे २० टक्के बरोबर ८० ग्रॅम. कार्ब २००, फॅट ५३. खातो मी १८०० च, त्यामुळं रोज रात्री वर्तुळ लाल होतं. दोनशेपर्यंतचा लाल म्हणजे आमच्यात हिरवा. हिनं एकदा मोबाईल बघून विचारलं, रोज जास्त खाताय का? तिला टक्केवारी समजावत बसलो आणि भाजी करपली. ती माझ्याच नावावर.

वजन ७७ वर आलंय. दूध गाईचं सुरू केलंय, चहाला मात्र म्हशीचंच.

दोन स्टार देतोय. ग्रॅमचा रकाना फुकट केला तर चौथ्यापर्यंत जाईन. पाचवा त्या फुलीसाठी कापलाय.