पौर्णिमेला लिहिलेला कागद: जाळावा, भिजवावा की वहीतच ठेवावा?

पौर्णिमेच्या रात्री मनात साचलेलं कागदावर उतरवायचं आणि सोडून द्यायचं, एवढाच हा विधी. लिहून झाल्यावर त्या कागदाचं काय करायचं, यावर मात्र खूप काही अवलंबून असतं.

जाळण्याची पद्धत सगळ्यात लोकप्रिय, कारण शेवट डोळ्यांना दिसतो. पण कटकटही त्यातच जास्त. घड्या घातलेला कागद अर्धवट जळतो आणि नको असलेलं वाक्यच नेमकं काळ्या कडेपाशी शाबूत राहतं. चतकोर पान, घडी न घालता, धातूच्या खोलगट भांड्यात, उघड्यावर आणि शेजारी पाणी ठेवून जाळा. वारा असेल तर बेत रद्द. कुणावरचा राग जाळायचा असेल तर मी हा पर्याय सुचवणार नाही; राग ओकून टाकला की तो शमतो, या समजाला प्रयोगांनी फारसा दुजोरा दिलेला नाही.

भिजवणं मला जास्त पटतं. वाडगाभर पाणी पुरतं. फक्त बॉलपेन नको, त्याची शाई तेलकट असते, अक्षरं हलतही नाहीत. शाईच्या पेनाने, धुऊन जाणाऱ्या शाईने लिहा. आधी कडा फुटतात, मग काना-मात्रा विरघळतात, थोड्या वेळाने ओळ कुठली आणि डाग कुठला ते कळत नाही. लगदा कचऱ्यात टाका, नदी-तळ्यात नको.

वहीत ठेवणं दिसायला अगदीच साधं, पण अभ्यासाचा आधार आहे तो लिहिण्यालाच. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांच्या 1986 सालच्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग 4 दिवस रोज 15 मिनिटं मनातलं लिहिलं. लिहिल्या-लिहिल्या त्यांचं मन उलट जड झालं. फायदा दिसला तो पुढच्या काही महिन्यांत. म्हणून लिहून लगेच झोपायला जाऊ नका, थोडं चाला.

तेव्हा, विषय खरोखर संपला असेल, फक्त निरोप द्यायचा राहिला असेल, तर जाळा. अजून घोळत असेल तर भिजवा. दर महिन्याला तीच तक्रार लिहिली जात असेल तर वहीच बरी. साडेएकोणतीस दिवसांपूर्वीचं पान समोर आलं की स्वतःला फसवता येत नाही. घाव ताजा असेल तर तूर्त यातलं काहीच नको, जवळच्या माणसाशी बोला.

वेळेचा बाऊ करू नका. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, पण लिहायला चांदणं पुरत नाही, दिवा लागतोच. ढग असतील तर एक दिवस अलीकडे-पलीकडे चालेल, चंद्र जवळपास तेवढाच गोल दिसतो.