वाहाकाच्या बाहेर एकच दिवस: पूर्वेला जावं की दक्षिणेला?

मेक्सिकोतल्या वाहाका शहरात काय बघायचं हे कुणाला फारसं विचारावं लागत नाही. सान्तो दोमिंगोचं चर्च, त्याच्या जुन्या मठात थाटलेलं संग्रहालय, सोकालो म्हणजे मधला चौक आणि शहराबाहेरच्या डोंगरावरचं मोन्ते आल्बान, एवढं बहुतेक जण बघतातच. अडतं ते पुढे. बाहेरच्या गावांसाठी एकच दिवस उरतो आणि समोर दोन वाटा असतात: पूर्वेला त्लाकोलुलाचं खोरं, दक्षिणेला ओकोत्लानकडे जाणारा रस्ता. दोन्हीकडे सापोतेक या इथल्या मूळ रहिवाशांची गावं, दोन्हीकडे कारागीर, दोन्हीकडे आठवडी बाजार. वरवर सारख्या वाटतात, पण हाती लागणारा दिवस अगदी वेगळा असतो.

ठरवायच्या आधी मोन्ते आल्बान बघून घ्या. इथली तीन खोरी जिथे एकत्र येतात त्याच डोंगरावर, खोऱ्यापासून सुमारे ४०० मीटर उंचीवर, सापोतेकांनी इसवी सनापूर्वी ५०० च्या सुमारास हे नगर वसवलं. डोंगरमाथा तासून केलेल्या त्या भल्यामोठ्या पटांगणावरून भोवतालची खोरी पसरलेली दिसतात आणि आपण उद्या कुठल्या दिशेला जाणार हे डोळ्यांनीच कळतं. १९३२ मध्ये पुरातत्त्वज्ञ आल्फोन्सो कासो यांना इथल्या सातव्या थडग्यात सोन्याचे, पोवळ्याचे, पिरोजाचे दागिने सापडले. ते आता सान्तो दोमिंगोच्या संग्रहालयात आहेत. हे संग्रहालय सोमवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा.

आता पूर्व. सहलीची गाडी आधी तुलेला थांबते. तिथलं आवेवेते जातीचं झाड बुंध्याच्या घेरासाठी जगात प्रसिद्ध आहे, घेर चाळीस मीटरच्या वर. पंधरा-वीस मिनिटं पुरतात. खरा वेळ द्यायचा तो तेओतित्लान देल व्हाये आणि मित्लाला.

तेओतित्लान हे लोकरी गालिचांचं गाव. घराच्या अंगणातच माग असतो. पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे रंग. निवडुंगावर वाढणारे कोचिनिया किडे वाळवून पाट्यावर वाटतात. ती पूड तळहातावर घेऊन पाणी लावलं की गर्द किरमिजी रंग येतो. त्यावर लिंबू पिळलं की तो भडक केशरी-लाल होतो, खाण्याचा सोडा टाकला की जांभळा. हळदीवर चुना पडला की ती कुंकवासारखी लाल होते, तीच ही किमया. निळा रंग निळीच्या झाडाचा, पिवळा रानझेंडूच्या जातीच्या पेरिकोन या वनस्पतीचा. घाई असेल तर हे प्रात्यक्षिक पाच मिनिटांत उरकलं जातं आणि लगेच गालिचे उलगडायला सुरुवात होते. म्हणून इथे तासभर तरी काढा. नैसर्गिक रंगातला गालिचा महागच असतो. स्वस्त मिळाला तर रंग कुठला आणि लोकर आहे की कृत्रिम धागा, हे विचारायला संकोच करू नका.

मित्लाच्या प्राचीन वाड्यांच्या भिंतींवर नुसती भौमितिक नक्षी आहे. देव नाही, प्राणी नाही, माणूस नाही. हजारो छोटे दगड घासून, चुना न वापरता एकमेकांत बसवलेले. जवळ जाऊन पाहिलं तरी सांध्यात नख जात नाही. शेजारीच स्पॅनिशांनी जुन्या वास्तूवर उभं केलेलं सान पाब्लोचं चर्च आहे. मोन्ते आल्बानची भव्यता इथे नाही, पण कारागिरी म्हणून मला मित्ला जास्त मोलाचं वाटतं.

बहुतेक सहली याच दिवसात येर्वे एल आग्वाही घालतात. खनिजयुक्त पाणी कड्यावरून झिरपून झिरपून जणू धबधबाच दगड होऊन बसलाय. दृश्य विलक्षण आहे, यात वाद नाही. पण ते शहरापासून सुमारे सत्तर किलोमीटरवर आहे, शेवटचा रस्ता डोंगराळ आहे आणि जाण्यायेण्यातच अर्धा दिवस जातो. स्थानिक गावांच्या वादामुळे हे ठिकाण पूर्वी बरेच महिने बंदही राहिलं होतं, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. सोबत मुलं असतील आणि त्यांना कुंडात डुंबायचं असेल तर जरूर जा. नाहीतर ते गाळून तेओतित्लान आणि मित्ला निवांत बघा.

दक्षिणेकडे अवशेष फारसे वाटेत येत नाहीत. तिथे बघायचं ते हातांचं काम. सान बार्तोलो कोयोतेपेकची काळी मातीची भांडी घ्या. कुंभार चाक वापरत नाही. एक बशी पालथी, तिच्यावर दुसरी उताणी ठेवून त्यावरच मडकं फिरवत घडवतो. पूर्वी ही भांडी मळकट करड्या रंगाची असत, पाणी आणि मेस्काल ही इथली दारू साठवायला वापरत. १९५० च्या दशकात दोन्या रोसा या कुंभारणीने ओली माती जरा सुकली की गारगोटीने घासून, मग कमी आचेत भाजून त्याला आरशासारखी चमक आणली. त्यानंतर या गावाचं नाव सगळीकडे झालं. त्या चमकीची किंमत म्हणजे भांडं पाणी धरत नाही, ते शोभेलाच. विमानात न्यायचं असेल तर हातसामानात ठेवा.

सान मार्तिन तिल्काखेतेमध्ये कोपालच्या मऊ लाकडाची चित्रविचित्र प्राणीशिल्पं होतात, त्यांना आलेब्रिखे म्हणतात. ही कल्पना मूळची मेक्सिको सिटीतल्या पेद्रो लिनारेस यांची, आणि कागदाच्या लगद्यातली. लाकडात ती वाहाकाच्या गावांनी आणली. मोठ्या प्रसिद्ध कार्यशाळेत गर्दी असते, पण सगळे टप्पे नीट समजावतात. तिथे बघा आणि मग गावातल्या छोट्या घरांतही डोकवा. एकेका ठिपक्याने रंगवणारी माणसं तिथे बोलायला मोकळी असतात.

शेवटी ओकोत्लान. चित्रकार रोदोल्फो मोरालेस (१९२५–२००१) याच गावचे. आपल्या चित्रांच्या कमाईतून त्यांनी इथलं चर्च आणि मठ पुन्हा उभा केला.

मग ठरवायचं कसं? आधी वार बघा. त्लाकोलुलाचा बाजार रविवारी, ओकोत्लानचा शुक्रवारी. रविवार असेल तर डोळे झाकून पूर्वेला जा. गावोगावच्या बाया आपापल्या पद्धतीचे रुमाल आणि झगे घालून आलेल्या असतात, आणि मक्याच्या पिठाचं, कोकोचं फेसाळ तेखाते मोठ्या घमेल्यांतून विकायला असतं. ते शाकाहारी आहे, निर्धास्त प्या. शुक्रवार असेल तर दक्षिण. बाकीच्या वारी आवडीनुसार: दगड आणि डोंगर हवे तर पूर्व, कारागिराशेजारी बसायचं असेल तर दक्षिण. वयस्कर मंडळी सोबत असतील तरी दक्षिणच बरी, अंतरं कमी आहेत आणि चढउतार नाही.

शाकाहाऱ्यांनी दोन्हीकडे एक गोष्ट सांभाळावी. त्लायुदा ही मोठी कुरकुरीत मक्याची पोळी वरून घेवड्याची आणि चीजची दिसते, पण तिला आधी डुकराची चरबी फासलेली असते. मागवताना 'सिन असिएन्तो, सिन कार्ने', म्हणजे ती चरबी नको, मांस नको, असं स्पष्ट सांगा. घेवडाही चरबीत शिजवलेला आहे का, हे वेगळं विचारा.

पूर्वेला त्लाकोलुला-मित्लाची बस आणि शेअर टॅक्सी सहज मिळते, तेओतित्लानला फाट्यावर उतरून पुढे वाहन करावं लागतं. दक्षिणेची गावं ओकोत्लानच्या मुख्य रस्त्यालगत किंवा थोडी आत आहेत, त्यामुळे एकट्यादुकट्याने फिरायला ती सोपी. चौघं असाल तर दिवसभराची टॅक्सी ठरवून घ्या. सहलीच्या बसपेक्षा फार महाग पडत नाही आणि कुठे किती थांबायचं हे तुमच्या हातात राहतं. रोख पेसो शहरातूनच काढून न्या.

एकाऐवजी दोन दिवस मिळाले तर शुक्रवारी ओकोत्लान, रविवारी त्लाकोलुला, आणि मधला शनिवार संग्रहालयाला.