क्लारा लेमलिच यांच्या शोधात: कील सेंटरच्या ट्रँगल संग्रहाचे परीक्षण

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या कील सेंटर या कामगार-इतिहासाच्या अभिलेखागाराने न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट (स्त्रियांचे ब्लाउज शिवणाऱ्या) कारखान्यातील १९११ च्या आगीविषयीची मूळ कागदपत्रे, छायाचित्रे, वृत्तपत्रीय कात्रणे आणि मुलाखती इंटरनेटवर मोफत उपलब्ध करून दिल्या आहेत. कामगार चळवळीच्या इतिहासात रस असणाऱ्यांसाठी ही सेवा मोलाची आहे, हे मी आरंभीच सांगतो. मात्र हे परीक्षण मी एका विशिष्ट अपेक्षेतून लिहीत आहे. तयार कपडे शिवणाऱ्या कामगारांच्या नेत्या क्लारा लेमलिच यांचे जीवन आणि कार्य समजून घेण्यासाठी हा संग्रह कितपत पुरेसा आहे, एवढाच प्रश्न मी त्याला विचारला आहे.

लेमलिच यांचा जन्म १८८६ साली आजच्या युक्रेनमधील एका ज्यू कुटुंबात झाला. किशिनेव्ह येथील १९०३ च्या ज्यूविरोधी हिंसाचारानंतर हे कुटुंब अमेरिकेला आले आणि क्लारा न्यूयॉर्कच्या कपड्यांच्या कारखान्यांत कामाला लागल्या. आंतरराष्ट्रीय महिला वस्त्र कामगार संघटनेच्या पंचविसाव्या शाखेत त्या सक्रिय झाल्या, आणि १९०९ मध्ये आपल्या कारखान्यातील संपात मालकांच्या गुंडांनी त्यांना इतके मारले की त्यांच्या बरगड्या मोडल्या. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला न्यूयॉर्कमधील कूपर युनियन या शिक्षणसंस्थेच्या सभागृहात सॅम्युएल गॉम्पर्स यांच्यासारख्या ज्येष्ठ कामगार नेत्यांची लांबलेली भाषणे ऐकून झाल्यावर तेवीस वर्षांच्या या मुलीने बोलण्याची परवानगी मागितली आणि यिडिश या पूर्व युरोपीय ज्यूंच्या भाषेत थेट सार्वत्रिक संपाचा ठराव मांडला. त्यानंतर कारखाने सोडून रस्त्यावर आलेल्या कामगारांमुळे हा लढा ‘वीस हजारांचा उठाव’ म्हणून ओळखला जातो, आणि त्यांत बहुसंख्य तरुण मुली होत्या.

संग्रहातील माझ्या मते सर्वांत मौल्यवान साधन म्हणजे संप सुरू झाल्यानंतर काही दिवसांनी, २८ नोव्हेंबर १९०९ रोजी, ‘न्यूयॉर्क इव्हनिंग जर्नल’मध्ये लेमलिच यांच्या नावाने छापलेला कारखान्यातील जीवनाविषयीचा मजकूर. हे दैनिक सनसनाटी पत्रकारितेसाठी ओळखले जाणारे वृत्तपत्रमालक हर्स्ट यांचे होते, त्यामुळे मूळ बोलण्यावर संपादकाचा हात किती फिरला असेल, हा प्रश्न वाचकाने मनाशी ठेवावा. तरीही त्यातील तपशील प्रत्यक्ष मशीनवर बसलेल्या व्यक्तीखेरीज कोणाला सुचणार नाहीत. पगारी कामाचे आठवड्याला सुमारे ६ डॉलर मिळत. त्यासाठी मुली सकाळी ७ ते रात्री ८ पर्यंत मशीनवर बसत आणि मध्ये जेवणासाठी जेमतेम अर्धा तास सुट्टी असे. खिडकीलगतच्या पहिल्या रांगेलाच तेवढा दिवसाचा उजेड मिळे. मागच्या सर्व रांगा दिवसाही गॅसच्या दिव्यांवर काम करीत. कापड खराब निघाले, तर चूक कोणाची हे न पाहता त्याची किंमत मुलींच्या पगारातून कापली जाई. मंदीच्या हंगामाच्या सुरुवातीला २ डॉलर वजा होत आणि ते कशासाठी, हे मुलींना कधीच समजले नाही. टोपी आणि कोट ठेवायला जागा नसल्यामुळे स्वस्तातली नवी टोपीसुद्धा कारखान्यात खराब होऊन जाई, असेही त्या सांगतात, आणि आम्हीही तरुण आहोत, आम्हालाही नव्या टोप्या आवडतात, त्या का आवडू नयेत, असा सरळ सवाल करतात. संघटनेच्या मागण्यांच्या यादीत टोपी कधीच दिसणार नाही, पण नेतृत्व म्हणजे काय, ते या एका ओळीतून मला जितके कळले तितके अनेक पानांच्या अहवालांतून कळले नव्हते.

आगीविषयीचा भाग विस्तृत आहे. २५ मार्च १९११ रोजी लागलेल्या या आगीत १४६ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांची वय, पत्ता, जन्मस्थान अशा माहितीसह यादी येथे आहे, आणि १९११ पासून अनोळखी राहिलेल्या सहा मृतांची नावेही संशोधनानंतर तीत आली आहेत. कामगार नेत्या रोझ श्नायडरमन यांचे आगीनंतरचे २ एप्रिलचे भाषण आणि फ्रान्सिस पर्किन्स यांचे १९६४ चे व्याख्यान ही दोन साधने तर कोणी चुकवू नयेत. पर्किन्स यांनी ही आग रस्त्यावरून प्रत्यक्ष पाहिली होती आणि पुढे त्या अमेरिकेच्या कामगारमंत्री झाल्या. आगीनंतर नेमलेल्या चौकशी आयोगाच्या कामातून कारखान्यांचे कायदे कसे बदलले, हे त्या ज्या सहजतेने समजावून सांगतात, त्याला तोड नाही.

आता उणीव. लेमलिच ट्रँगलमध्ये नव्हे, लायसरसन यांच्या कारखान्यात काम करीत होत्या, आणि संग्रहाची मांडणी आगीभोवती असल्याने त्या येथे एका रात्रीच्या वक्त्या म्हणूनच प्रामुख्याने भेटतात. संपानंतर मालकांनी त्यांना काळ्या यादीत टाकले, त्यांनी कामगार स्त्रियांच्या मताधिकारासाठी काम केले, १९१३ मध्ये विवाह झाल्यावर गृहिणींना भाडे आणि महागाईविरुद्ध संघटित केले, मांसाच्या वाढत्या किमतींविरुद्धच्या १९३५ च्या बहिष्कारात पुढाकार घेतला, आणि वृद्धाश्रमात राहत असतानाही तेथील कर्मचाऱ्यांना संघटना बांधायला मदत केली. १९८२ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. या सत्तर वर्षांविना त्यांचे कार्य समजत नाही, कारण स्वयंपाकघरातील स्त्रीलाही कामगार मानून संघटित करणे हा त्यांचा विचार कूपर युनियनच्या भाषणाइतकाच धाडसी होता. आणखी एक गोष्ट खटकते: त्यांनी उभी करायला मदत केलेल्या त्याच संघटनेकडून निवृत्तिवेतन मिळवण्यासाठी त्यांना उतारवयात झगडावे लागले, आणि त्या संघटनेची कागदपत्रे कील सेंटरच जतन करते. ज्या संस्थेकडे ही सामग्री आहे, तिने लेमलिच यांच्या उर्वरित आयुष्यासाठी स्वतंत्र विभाग करायला हवा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

व्यवहाराच्या दृष्टीने सांगायचे तर सर्व मजकूर इंग्रजीत आहे आणि त्याची भाषा शंभर वर्षांपूर्वीची असली तरी समजण्यास अवघड नाही. नव्या वाचकाने छायाचित्रांपासून सुरुवात करू नये; ती मनाला जखडून ठेवतात आणि मग मृत्यूपलीकडचे काही वाचवत नाही. आधी लेमलिच यांचा मजकूर, मग श्नायडरमन, त्यानंतर आगीतून वाचलेल्यांच्या मुलाखती आणि शेवटी पर्किन्स, हा क्रम मला सर्वाधिक उपयुक्त वाटला. शिक्षकांनी वर्गात वापरण्यासाठी लेमलिच यांचा मजकूर अवश्य निवडावा, कारण तो लहान आहे आणि एका तासिकेत वाचून त्यावर चर्चाही होऊ शकते.