दहावी सीबीएसई इंग्रजी – पुस्तकं मस्त आहेत, गाइड घेऊ नका

'फर्स्ट फ्लाइट' आणि 'फूटप्रिंट्स विदाउट फीट', दहावीची एनसीईआरटीची दोन पुस्तकं. मी घरी मुलांना इंग्रजी शिकवते, त्यामुळे दोन्हीचं पान न् पान ओळखीचं झालंय. 2007 साली आलेली आहेत, छपाई साधीच, चित्रंही जेमतेम, पण गोष्टी-कविता निवडणाऱ्याला खरंच दाद द्यावीशी वाटते.

पहिलाच धडा 'अ लेटर टू गॉड'. मेक्सिकोतला शेतकरी लेंचो, गारपिटीत मक्याचं सगळं पीक जातं आणि तो देवाला पत्र लिहितो की शंभर पेसो (तिथलं चलन) पाठव. गारपीट म्हणजे काय हे आपल्याकडच्या मुलांना वेगळं सांगावं लागत नाही, नाशिककडची मुलं तर लगेच द्राक्षांच्या बागांचं बोलायला लागतात. पोस्टातली माणसं स्वतःच्या पगारातून सत्तर गोळा करून देतात आणि लेंचो उलट त्यांनाच चोर म्हणतो! इथे वर्गात दोन तट पडतात, लेंचो भोळा की कृतघ्न, आणि मोडक्यातोडक्या का होईना पण इंग्रजीत भांडतात, अजून काय पाहिजे सांगा.

गोव्याचा 'अ बेकर फ्रॉम गोवा' माझा सगळ्यात लाडका. पदेर, म्हणजे पाववाला, सकाळी काठी वाजवत येतो, पोरं धावत सुटतात, त्यांना बांगडीच्या आकाराचा पाव पाहिजे असतो, लग्नात 'बोल' हा गोड पाव हवाच, महिन्याचा हिशोब पेन्सिलीने भिंतीवर. गोव्याला जाऊन फक्त बीच बघून आलेल्या मुलांनाही हा धडा आवडतो. फारच छोटा आहे, अजून दोन पानं चालली असती.

कवितांत अमेरिकन कवी रॉबर्ट फ्रॉस्टची 'डस्ट ऑफ स्नो' म्हणजे आठ ओळी आणि सगळी मिळून एकच वाक्य. हेमलॉकच्या झाडावरून कावळा बर्फ उडवतो आणि माणसाचा खराब गेलेला दिवस थोडा सावरतो, बस. कावळा म्हटलं की आपली मुलं पाहुणे येणार पासून पिंडापर्यंत सगळं सांगतात, ते आधी सांगू द्यावं, मग कविता आपोआप उघडते. इथे एक गंभीर चूक मात्र आहे. हेमलॉक म्हणजे पांढऱ्या फुलांचं विषारी झाड अशी टीप दिलीय. ते विषारी हेमलॉक म्हणजे झाड नव्हे, एक रोपटं, आणि कवितेतलं झाड अमेरिकेतलं सूचिपर्णी, सदाहरित, अजिबात विषारी नाही, हिवाळ्यातही पानं असतात म्हणून तर त्यावर बर्फ साठतो. गाइडवाले ही टीप तशीच उचलतात आणि वर 'विषारी झाड म्हणजे दुःखाचं प्रतीक' असं दोन मार्कांचं उत्तर बनवतात, मुलं तेच पाठ करतात. कवितेचं वाटोळं होतं हो.

'द ट्रीज' ही एड्रिएन रिचची कविता पंधरा वर्षांच्या मुलांना जड जाते, शिक्षकाने दोनतीनदा मोठ्याने वाचून दाखवली तरच पोचते.

'फूटप्रिंट्स'मधल्या गोष्टी मुलं न सांगता वाचतात. 'द नेकलेस'चा शेवट कुणी आधी सांगू नका प्लीज, आणि गाइडमध्ये पहिल्याच परिच्छेदात सारांश असतो म्हणूनच म्हणते घेऊ नका. 'भोली'मध्ये देवीच्या व्रणांमुळे नवरा पाच हजार मागतो आणि मुलगी भर मांडवात नाही म्हणते, त्या धड्याला मुली एकदम ताठ बसतात.

दोन्हींची पीडीएफ एनसीईआरटीच्या साइटवर फुकट मिळते, तरी छापील घ्या, मार्जिनमध्ये पेन्सिलने लिहायला जागा आहे. गाइडच्या पैशात एक चांगली डिक्शनरी येते. पाचपैकी चार स्टार, एक त्या हेमलॉकसाठी कापला.