विंडोज ११ चं स्टार्टअप आणि डीफॉल्ट सेटिंग: घरच्या पीसीवर वापरून लिहितोय

बेळगावात, खानापुरात, निपाणीत, कुणाच्याही घरी जावा, एकच रडगाणं, पीसी लई हळू चालालाय ओ, फॉरमॅट मारायला पाहिजे. अहो थांबा जरा, आधी टास्क मॅनेजर (पीसीवर काय काय चालू आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडून बघा. विंडोजमध्येच जे स्टार्टअप ॲप्सचं, म्हणजे पीसी चालू होताच आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रामचं पान आहे ते इतकं चांगलं आहे की घरच्या वापराला पैसे देऊन क्लीनर घ्यायची गरजच नाही.

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबायचं आणि डावीकडं स्टार्टअप ॲप्सवर जायचं. विंडोज ७ ला हे एमएसकॉन्फिग या वेगळ्या टूलमध्ये शिरून करावं लागायचं, ८ पासून इथं आलं. स्टार्टअप इम्पॅक्टच्या रकान्यात हाय दिसलं म्हणजे तो प्रोग्राम चालू होताना सीपीयूचा (प्रोसेसरचा) १ सेकंदाहून जास्त वेळ नाहीतर डिस्कचं ३ एमबीहून जास्त काम खातोय. टीम्स, स्पॉटिफाय, गेमचे लाँचर, प्रिंटरसोबत आलेलं काहीबाही, हे सगळं राइट क्लिक करून डिसेबल केलं तरी चालतं, प्रोग्राम कुठं जात नाही, लागेल तेव्हा उघडायचा. जुन्या हार्ड डिस्कच्या मशीनवर फरक लगेच कळतो, एसएसडीवर (नव्या वेगवान डिस्कवर) तेवढा नाही. विंडोज सिक्युरिटी आणि साउंडवाल्या एंट्रीला मात्र हात लावू नका, आणि वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टची ऑनलाइन साठवण) बंद केलात तर ते परत उघडेपर्यंत फोटो वर जाणार नाहीत हे घरातल्यांना सांगून ठेवा.

कमी काय, तर या पानावर सगळं दिसत नाही. सर्व्हिसेस (मागं गुपचूप चालणारे प्रोग्राम) आणि शेड्यूल्ड टास्कमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) लपलेलं बघायला ऑटोरन्स हा छोटा प्रोग्राम घ्या, फुकट आहे, इन्स्टॉल पण करावं लागत नाही, आणि २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टनं घेतलेल्या सिसइंटर्नल्सचंच आहे त्यामुळं भरवशाचं. त्यात आधी हाइड मायक्रोसॉफ्ट एंट्रीज लावा, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या नोंदी लपतात. पिवळी ओळ दिसली म्हणजे प्रोग्रामची फाइल गेली, नुसती नोंद उरली. नुसती टिक काढा, डिलीट करू नका, टिक परत मारता येते.

डीफॉल्ट ॲप्सचं, म्हणजे कुठली फाइल कुठल्या प्रोग्राममध्ये उघडायची त्याचं म्हणाल तर २०२१ मध्ये विंडोज ११ आलं तेव्हा ब्राउझर बदलायला एचटीएम, एचटीएमएल (वेब पानांच्या फाइलचे प्रकार) असं एकेक करत बसावं लागायचं, २०२२ च्या अपडेटनं सेट डीफॉल्ट बटण दिलं तेव्हा कुठं सुटका झाली. तरी पीडीएफ वेगळं बघावं लागतं, आणि विजेटमधली बातमी दाबली की एज (मायक्रोसॉफ्टचा ब्राउझर) उघडतंच, हे मला अजिबात पटत नाही.

आता आपल्या भागातल्या लोकांनी हे नक्की करा. आपल्या घरात पोरांचा कन्नडचा प्रोजेक्ट, आईचं मराठी आणि ऑफिसचं इंग्लिश एकाच कीबोर्डवर चालतं, आणि एका खिडकीत भाषा बदलली की दुसरीकडं पण बदलते, मग ईमेल लिहिताना एकदम कन्नड अक्षरं उमटतात. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, टायपिंग, ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज, तिथं प्रत्येक ॲपच्या खिडकीला वेगळी इनपुट पद्धत ठेवायची टिक आहे, ती मारा. मग वर्डमध्ये कन्नड, ब्राउझरमध्ये मराठी, जिथली भाषा तिथं राहते, सारखं विंडोज आणि स्पेस दाबत बसायला नको. एवढी कामाची सोय इतक्या आत का पुरून ठेवलीय कळत नाही, त्यासाठीच एक स्टार कापला, पाचपैकी चार.