कुपवाडच्या शेडमध्ये सिझर लिफ्ट: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

कुपवाड एमआयडीसी आणि आसपासच्या शेडमध्ये केबल ट्रे व दिवे बसवण्याची कामे आम्ही घेतो. गेल्या ऑक्टोबरपर्यंत परांचीवरच भागत असे. त्यानंतर बॅटरीवर चालणारी सिझर लिफ्ट, म्हणजे कात्रीसारख्या उघडणाऱ्या पोलादी दांड्यांवर माणसांसकट प्लॅटफॉर्म सरळ वर उचलणारे यंत्र, मासिक भाड्याने घेतली. प्लॅटफॉर्म 8 मीटर चढतो, म्हणजे हात साधारण 10 मीटरपर्यंत पोचतो, आणि वजनाची मर्यादा 230 किलो आहे. ही मर्यादा कागदावर भरपूर वाटते. मात्र दोन माणसे, केबलचे भेंडोळे, ड्रिल आणि हत्यारांची पेटी चढली की तिच्यात फारसे काही उरत नाही.

पहिल्याच महिन्यात, बेदाण्याच्या एका शीतगृहाबाहेर काम चालू असताना, 5 मीटरवर भोंगा वाजला आणि लिफ्ट वर जाईना. ड्रेनेजचा चर काळ्या मातीने बुजवून त्यावर पातळ कोबा केलेला होता आणि परतीच्या पावसाने आतली माती बसली होती. आमच्या यंत्राला आडव्या दिशेने जेमतेम दीड अंशाचा कल चालतो. चाकाखाली फळी सरकवण्याचा सल्ला लगेच मिळाला. आम्ही तो न मानता प्लॅटफॉर्म खाली घेतला, पहारीने कोबा ठोकून पाहिला, तर पोकळ आवाज आला. 2 टनांच्या आसपासचे यंत्र त्यावर उभे होते! तेव्हापासून ऑपरेटर आधी पहार घेऊन सगळी वाट चालून येतो, चेंबरची झाकणे खडूने खुणावतो आणि मगच किल्ली फिरवतो.

प्लॅटफॉर्म उचलताच दोन्ही बाजूंच्या पोलादी पट्ट्या जमिनीलगत उतरतात, जेणेकरून चाक खड्ड्यात गेले तरी यंत्र त्यांवर टेकावे. हळदीच्या गोदामात सुतळ्या अडकून त्या पूर्ण उतरत नसत आणि लिफ्ट थोड्या उंचीवरच थांबत असे. ऑपरेटर त्याला यंत्राचे नखरे म्हणे.

वरच्या माणसांशी संपर्क ठेवायला एक माणूस खाली असणे मला पूर्वी मजुरीचा अपव्यय वाटे. एकदा वरचे नियंत्रण बंद पडले, मदतनीस 6 मीटरवर अडकला आणि आणीबाणीत खाली आणण्याची लाल मूठ कोठे असते हे खालच्या कोणालाच ठाऊक नव्हते. आता सोमवारी सकाळी प्रत्येकाकडून ती ओढवून घेतो. कठड्यावर पाय देऊन उंची वाढवण्याची सवय मोडायला मात्र तीन महिने लागले.

तक्रार बॅटरीची आहे. लांब, बारीक एक्स्टेन्शन वायरवर लावलेले चार्जिंग रात्रभर चालूनही अपुरे राहते, आणि डिस्टिल्ड वॉटर चार्जिंगनंतर घालायचे असते हे भाड्याने देणाऱ्याने सांगितलेच नाही.

बाहेर एकच माणूस आणि ताशी 45 किलोमीटरपर्यंतचा वारा, असे आमच्या यंत्राच्या पाटीवर लिहिले आहे. पुढचे काम सातारा जिल्ह्यात, उघड्या पठारावर आणि मुरमाच्या जमिनीवर आहे. तेथे ही लिफ्ट नेणार नाही, परांचीच बांधू.